तवसे, चिबूड आणि चार अक्षरे

रत्नागिरी, भाद्रपद शुद्ध द्वितीया

तवसे आणि चिबूड या कोकणातल्या पावसाळी वेलफळांच्या डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याचे काम मुलांनी घेतले आहे; आज दुपारी त्याचे निकाल आले. जून पानांत चिकट द्रव्य फार असल्याने पहिल्या खेपेचा डीएनए स्वच्छ निघालाच नव्हता. दुसऱ्या खेपेस त्यांनी पहाटे वेलींचे कोवळे शेंडे खुडून आणले.

तवसे आणि चिबूड ही एकाच परड्यात, एकाच पावसात वाढणारी सख्खी भावंडे आहेत, असे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. डीएनएच्या अ, ट, ग, क (A, T, G, C) या चार अक्षरांच्या ओळी जुळवून मुलांनी जो वंशवृक्ष काढला, त्यात मात्र तवसे काकडीच्या फांदीवर गेले आणि चिबूड खरबुजाच्या. या दोघांचा समाईक पूर्वज सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. काकडीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात, तर खरबुजात १२. कुंपणावरची बारीक लाल फळांची वेल, जिला पूर्वी मुकिया या वेगळ्या प्रजातीत घालत, तीही याच कुळशाखेत येऊन बसली, तेव्हा मुले हरखून गेली.

खरबूज मूळचे आफ्रिकेतले, असे आम्ही शिकलो होतो. पण वनस्पतिशास्त्रज्ञ सुझान रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलियातील सुमारे शंभर नमुने तपासून काकडी आणि खरबूज या दोन्हींचे रानटी पूर्वज भारतातले असल्याचे दाखवले. ते वाचताना मला आईची आठवण झाली. तवशाचे टोक कापून ती तेच टोक कापलेल्या भागावर फेस येईपर्यंत घासत असे, कडवटपणा जावा म्हणून. रानकाकडी ज्या कुकुरबिटासिन नावाच्या कडू द्रव्यामुळे कडूजहर लागते, त्याचाच अंश अधूनमधून आपल्या तवशातही उतरतो. गोड फळाचेच बी राखायचे, ही निवड पिढ्यान्‌पिढ्या कोणी केली असेल, तर शेणात बी कालवून भिंतीला थापणाऱ्या बायकांनी, असे मला मनापासून वाटते.

आम्ही वाचलेला डीएनएचा तुकडा लहान आहे; त्यावरून जात ओळखता येते, पण एका वाडीचे बी दुसऱ्या वाडीत कसे गेले, हे कळत नाही. त्यासाठी संपूर्ण जनुकसंच, म्हणजे वेलीचा सगळा डीएनए, वाचावा लागेल. तोवर मुलांनी आपापल्या घरचे बी गावाचे आणि वाडीचे नाव घालून पाकिटांत भरायला घेतले आहे. आईने थापलेल्या बियांची शेवटची चकती मी उद्या त्यांना देणार आहे.