सोल्डर पेस्ट डिस्पेन्सर, नोंद सहावी: सिरिंज रिकामी होते तसा ठिपका का आटतो?

मंडळी, सर्किट बोर्डवर सोल्डर पेस्टचे (धातूचे बारीक कण आणि चिकट फ्लक्स यांच्या लगद्याचे) ठिपके टाकणारं माझं मशीन चालू होऊन दोन महिने झाले, पण एक गोष्ट छळत होती. सकाळी भरलेल्या सिरिंजने टाकलेले ठिपके टपोरे यायचे. पेस्ट तळाला आली की त्याच प्रेशरवर, तेवढ्याच वेळेत, ते बारीक पडायचे. डोळ्यांवर भरवसा न ठेवता काचेच्या पट्टीवर 50-50 ठिपके टाकून सोनाराच्या काट्यासारख्या मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलले. सिरिंज दोन-तृतीयांश भरलेली असताना 61 मिलिग्रॅम, तळाला आल्यावर 43. जवळजवळ तिसरा हिस्सा गायब!

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात मांडणी: 10 सीसीची सिरिंज, मागून दोन किलो प्रेशरची हवा, मध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप. तो 120 मिलिसेकंद उघडतो आणि नीडलमधून एक ठिपका पडतो. पेस्ट टाइप 4 ची आहे, म्हणजे तिच्यातले धातूचे कण 20 ते 38 मायक्रॉनचे. नीडलचं भोक सगळ्यात मोठ्या कणाच्या निदान सात ते दहा पट हवं, नाहीतर कण तोंडाशी एकमेकांत अडकतात. लाल नीडल, म्हणजे 25 गेज, आतून 0.25 मिमी, ती दर दहा मिनिटांनी तुंबायची. निळी, 22 गेज, 0.41 मिमीची लावली आणि तो त्रास संपला. तीही निमुळती प्लॅस्टिकची घ्या. सरळ धातूच्या नळीत पूर्ण लांबीभर अरुंद वाट असते, निमुळतीत फक्त टोकाशी, त्यामुळे कमी प्रेशरमध्ये काम होतं.

आता मूळ दुखणं. सिरिंजजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक प्रेशर सेन्सर जोडला आणि आलेख काढला. भरलेल्या सिरिंजमध्ये प्रेशर 25 मिलिसेकंदांत वर पोचत होतं. रिकाम्या होत आलेल्या सिरिंजमध्ये 70 लागत होते. कारण उघड आहे, पिस्टन खाली गेला की त्याच्यामागे हवेची पोकळी वाढते आणि ती भरायला वेळ जातो.

इथे मी दोन दिवस अडलो. हवा उशिरा भरते तशी उशिरा सुटतेही. आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजलं तर दोन्ही वेळा जवळपास सारखंच. मग ठिपका लहान का? उत्तर पेस्टच्या स्वभावात आहे. पाणी जरा दाब आला तरी वाहतं. सोल्डर पेस्ट ठरावीक दाबापर्यंत जागची हलतच नाही आणि हलायला लागली की जोर वाढेल तशी पातळ होत जाते. म्हणजे सावकाश चढणाऱ्या आणि सावकाश उतरणाऱ्या दाबाचा बराच भाग तिच्या दृष्टीने फुकट जातो. हे कळलं तेव्हा खरंच आनंद झाला, कारण एवढे दिवस मी रेग्युलेटरवर, म्हणजे हवेचं प्रेशर ठरवणाऱ्या भागावर, संशय घेत होतो.

उपाय मात्र मला मावशीने दिला. ती लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डरी घेते. तिला मशीन दाखवत होतो, तर म्हणाली, "अरे, कोन रिकामा होत आला की मागून गुंडाळत यायचं. ढिला राहिला की कितीही दाब, रेघ धड येत नाही." तिच्या कोनात मागे मोकळी जागा राहतच नाही. माझ्या सिरिंजमध्ये ती रोज वाढत होती.

आधी व्हॉल्व्ह सिरिंजच्या वर ब्रॅकेटवरच बसवला, त्यामुळे एक मीटरची नळी 15 सेंटिमीटरवर आली. 50 ठिपक्यांचं वजन भरलेलीला 66, तळाला 57. मग थ्रीडी प्रिंटरवर भरीव ठोकळे काढले, बॅरलपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक, बाजूने हवा जावी म्हणून. सिरिंज अर्धी झाली की एक ठोकळा पिस्टनवर सोडायचा, आणखी उतरली की दुसरा. आता 66 आणि 64. ठोकळा टाकण्याआधी हवा बंद करून लाइन रिकामी करायला विसरू नका. ज्यांच्याकडे प्रिंटर नाही त्यांनी 3 सीसीची सिरिंज वापरावी, तिच्यात मुळात पोकळीच कमी.

शेपटीबद्दल, म्हणजे नीडल उचलताना ठिपक्यातून ओढल्या जाणाऱ्या पेस्टच्या तारेबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मी नीडल पॅडपासून (बोर्डवरच्या ज्या तांब्याच्या जागेवर ठिपका पडतो तिथून) 0.2 मिमीवर ठेवतो, म्हणजे भोकाच्या साधारण निम्म्यावर. ठिपका पडल्यावर क्षणभर थांबून आधी हळू उचलतो, मग वेगाने. सोबत पेस्ट मागे ओढायला व्हॅक्यूम लावून पाहिला होता, पण तो पातळ द्रवांसाठी ठीक. घट्ट पेस्टला त्याचा काही उपयोग दिसला नाही, म्हणून काढला.

मशीन दहा मिनिटं थांबलं असेल तर पहिले पाच ठिपके कागदावर टाकून द्या. पडून राहिलेली पेस्ट घट्ट होते.

उरलंय ते तापमान. फ्रिजमधून काढलेली सिरिंज चार तास न उघडता बाहेर ठेवतो, नाहीतर दमट हवेतलं पाणी पेस्टमध्ये जातं आणि रिफ्लोच्या वेळी, म्हणजे बोर्ड तापवून पेस्ट वितळवताना, ती तडतडते. पण खोलीच सकाळी 24 आणि दुपारी 33 अंश असते, त्यामुळे दुपारचे ठिपके पसरतात. सिरिंजभोवती ॲल्युमिनियमची बाही, तिच्यात थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) आणि छोटा हीटर बसवून पेस्ट कायम 34 अंशांवर, म्हणजे दुपारच्या खोलीपेक्षा जरा वर, ठेवायचा विचार आहे, म्हणजे दिवसभर ठिपके सारखे येतील. बाहीचं टर्निंग शनिवारी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये होईल.