नकारांच्या नोंदी

विक्रीच्या कामात पगाराचा ठरलेला भाग तुटपुंजा आणि बाकी सारे कमिशनवर, अशी रचना असली की प्रत्येक नकार थेट खिशाला जाणवतो. सुरुवातीच्या महिन्यांत मला स्पष्ट नकारापेक्षा ‘विचार करून कळवतो’ हे उत्तर अधिक जड जात असे, कारण त्या ग्राहकाची आशा सोडता येत नसे आणि त्याला टार्गेटमध्येही धरता येत नसे.

एक मोठा सौदा तोंडी पक्का झाला होता, कोटेशनही मान्य होते आणि वरिष्ठांनी तो महिन्याच्या आकड्यांत आधीच धरला होता. महिनाअखेरीस मात्र ग्राहकाने खरेदी थांबवल्याचे कळवले. दोन दिवस मला फोन हातात घ्यावासा वाटला नाही. नंतर, मनधरणी न करता, मी फक्त कारण विचारले. वित्त विभागाने वर्षभराचा नवा खर्च रोखला होता आणि त्या विभागातील कोणाशीही माझी कधी गाठ पडलेली नव्हती. तेव्हापासून शेवटची सही कोणाची, हे मी पहिल्याच भेटीत विचारू लागलो आणि प्रत्येक नकाराचे कारण वहीत नोंदवू लागलो. ‘महाग आहे’ या उत्तराआड बहुधा गरज नसणे किंवा अधिकार नसणे दडलेले असते, हे त्या नोंदींतून हळूहळू उमगले.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांचे सहकारी पीटर शुलमन यांनी विमाविक्रेत्यांवरील आपला अभ्यास 1986 साली प्रसिद्ध केला. अपयशाचे खापर स्वतःच्या कायमच्या उणिवेवर न फोडणारे विक्रेते अधिक विक्री करतात आणि नोकरीतही अधिक टिकतात, असे त्यांना आढळले. मला मात्र केवळ आशावादाने तारले नसते. ‘आपल्यातच काही कमी आहे’ असे वाटू लागले की मी वही उघडून खरे कारण पाहत असे, आणि कधीकधी ते खरोखरच माझ्या बोलण्यात सापडे.

शिवाय, ज्या व्यवहारांना पूर्ण व्हायला काही महिने लागतात, तेथे या महिन्याची विक्री मागील भेटींचे फळ असते. म्हणून मी दिवसाचा हिशेब झालेल्या भेटींवर आणि पाठपुराव्यावर मांडू लागलो. वरिष्ठ अर्थात अजूनही विक्रीचा आकडाच विचारतात, आणि महिनाअखेरीची धाकधूक काही कमी झालेली नाही.