फांदी कुणी हलवली? अमेरिकन नववीतला एक निबंध

अमेरिकेत पोरांना मोकळं सोडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथल्या नववी-दहावीचा इंग्रजीचा निबंध बघावा.

जॉन नोल्सची 'अ सेपरेट पीस' (१९५९) अजून कित्येक शाळांत लावतात. स्थूलवाचनाचा उतारा नाही, तेरा प्रकरणांची अख्खी कादंबरी. पुस्तक बहुधा शाळेचंच असतं. त्यावर खुणा करायच्या नाहीत, चिकटचिठ्ठ्या लावायच्या.

१९४२ चा उन्हाळा, न्यू हॅम्पशरमधली डेव्हन नावाची काल्पनिक निवासी शाळा. तिथले दोन मित्र, जीन आणि फिनी, नदीकाठच्या झाडावरून पाण्यात उड्या मारतात. एकदा फांदी हलते, फिनी काठावर आदळतो, पाय मोडतो. प्रश्न ठरलेला: जीनने मुद्दाम केलं का?

साचाही ठरलेलाच. परिच्छेद पाच. पहिल्याच्या शेवटी एका वाक्यात दावा. मधल्या तिन्हींत पुस्तकातला एकेक पुरावा आणि त्यावर स्वतःची किमान दोन वाक्यं. अवतरणापुढे कंसात लेखकाचं आडनाव आणि पानाचा आकडा, मध्ये स्वल्पविराम नाही, पूर्णविराम कंसाबाहेर. एवढ्याशा स्वल्पविरामासाठी गुण कापणारे शिक्षक आहेत. आपल्या शुद्धलेखनवाल्या बाई परवडल्या.

पोरं अडकतात ती मात्र दुसरीकडे. अर्धी गोष्टच सांगत बसतात. उरलेली 'जीनला मत्सर वाटला' लिहून मोकळी होतात. पण झाडावर चढण्याच्या जरा आधीच जीनला कळून चुकलेलं असतं की फिनी त्याच्याशी कधी स्पर्धा करतच नव्हता. म्हणजे चढाओढीचं कारण तिथेच ढासळतं. उरतं ते फिनी आपल्यापेक्षा चांगला असल्याचं शल्य. ऐन क्षणाच्या वाक्यात आधी जीनचे गुडघे वाकतात, मग तो फांदी हलवतो. हे वाक्य अख्खं उचलावं. नुसते गुडघे घेतले तर अपघात, नुसती फांदी घेतली तर गुन्हा. शिवाय हे सगळं सांगतोय जीनच, पंधरा वर्षांनी.

हे शिकवणं चांगलंच आहे, मान्य. आपलं 'संदर्भासहित स्पष्टीकरण' गाईडातून पाठ व्हायचं. पण त्या पाठांतराने निदान कविता तरी जन्मभर तोंडात राहिल्या, इथे दोन ओळी कुणी म्हणून दाखवाव्यात!

युद्ध या पुस्तकात हळूहळू शिरतं. मुलं रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ उपसतात. त्यांच्यातलाच लेपर आपणहून स्कीवाल्या पलटणीत जातो आणि मन बिघडून पळून येतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकेने सक्तीच्या भरतीचं वय २० वरून १८ वर आणलं, ते डोक्यात ठेवूनच ही पोरं वाचावी लागतात. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता तिरंग्याच्या मिरवणुकीत पोलिसांच्या गोळीने गेला. वय पंधरा. युद्धाची पार्श्वभूमी शिकवताना इथे त्याचं नाव कोण घेणार?

आपल्या पोरांनी घ्यावं. फक्त शेवटच्या परिच्छेदात नको, तिथे नवा मुद्दा चालत नाही. पहिल्यात, दाव्याच्या आधी, एका वाक्यात बसतं.