तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलीची सनद असून शिकवत का बसलात?

लग्नात, लोकलमध्ये, परवा तर सोसायटीच्या सभेतही विचारलं गेलं: ‘सनद आहे, मग कोर्टात का जात नाही? मानवाधिकार शिकवून काय होणार?’ सूर काळजीचा असतो, त्यामुळे रागावताही येत नाही.

आधी व्यवहाराचं सांगते. वकिली करता करता दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. मीही तशीच सुरुवात केली, तासिका तत्त्वावर. मानधन कधी जमा होईल ते देवालाच ठाऊक. पुढे पूर्णवेळ पद मिळालं आणि सनद स्थगित केली. काळा कोट कपाटात आहे. आई दरवर्षी त्याला ऊन दाखवते, न बोलता.

‘मानवाधिकार आयोग तर नुसत्या शिफारशी करतो,’ असंही ऐकवतात. खरंय. 1993च्या कायद्याने आयोगाला चौकशीचे अधिकार दिले, हुकूम सोडायचे नाही दिले. शिवाय प्रकार घडून वर्ष उलटलं की आयोगाला चौकशीच करता येत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना पहिली सवय लावते ती तारीख विचारायची. माणूस रडत आला तरी, पाणी द्या आणि तारीख विचारा.

पण मी शिकवते ते एका निकालापायी. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, 1985, फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्यांचा खटला. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम 21मधल्या जीविताच्या हक्कातच येतो, ही ओळ सगळ्यांना पाठ असते. परीक्षेत तेवढ्यावर भागतं. मी निकाल शेवटून वाचायला लावते. शेवटी सुप्रीम कोर्ट काय म्हणतं? फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला हरकत नाही, फक्त पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. 1976च्या झोपड्यांच्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना दुसरी जागा द्या. म्हणजे हक्क मिळाला आणि झोपडी गेली. हे गाईडमध्ये नसतं. वर्गात चुळबुळ थांबते.

मग सुरुवातीकडे वळतो. तिथे तमिळनाडूतल्या सालेमहून 1961 साली मुंबईत आलेला एक भूमिहीन मजूर आहे. दहिसरला केमिकल कंपनीत रोज 23 रुपये मजुरी. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फुटपाथवर प्लॅस्टिक आणि ताडपत्रीचं छप्पर, आत बायको आणि तीन मुली, धाकटी पाच वर्षांची. त्या छपरासाठी झोपडपट्टीच्या दादाने त्याच्याकडून उकळले 2,500 रुपये. जुलै 1981मध्ये झोपडी पाडली, कुटुंबाला बसमध्ये बसवून सालेमला पाठवून दिलं. बायकामुलींना तिथे ठेवून तो कामासाठी परत मुंबईत आला.

यंदा हे वाचताना मागच्या बाकावरच्या मुलीने मोबाइल काढला. मी ओरडणार तोच ती म्हणाली, ‘मॅडम, 2,500 भागिले 23. एकशे आठ दिवसांपेक्षा जास्त मजुरी. न खाता.’ थोडं थांबून म्हणाली, ‘आमचं कळव्याच्या खोलीचं डिपॉझिटही साधारण एवढ्याच दिवसांच्या पगाराचं आहे. बाबांचा पगार धरून.’

तासाची घंटा झाली होती. कोणी उठलं नाही. पुढच्या तासाचे सर दाराशी खोकत उभे राहिले.