नैरोबीत जिराफाला पेंड भरवताना

मसाई माराच्या सहलीत नैरोबीचा एक दिवस बहुधा रिकामा सुटतो. तो मॉलमध्ये घालवू नका. शहराच्या लंगाटा भागात जिराफांना हाताने खाऊ घालता येणारं जिराफ सेंटर आहे, तिथे सकाळी 9 वाजता फाटक उघडायच्या आत जाऊन उभे राहा. आम्ही नऊला पाच कमी असताना पोचलो, तरी पुढे दोन गाड्या होत्याच. लवकर जायचं ते एवढ्याचसाठी, की सकाळी जिराफ भुकेले असतात. नंतर शाळांच्या बस येतात, पोराटोरांच्या हातून पोटभर खाऊन झालं की जिराफ सरळ झाडीत निघून जातात आणि त्यांना हाकून परत कोणी आणत नाही. संध्याकाळी 5 पर्यंत उघडं असतं खरं, पण दुपारी जाऊन लांबून मान पाहून आलेले पुष्कळ भेटतात.

तिकिटाला रोख चालत नाही. कार्ड किंवा एम-पेसा, म्हणजे तिथलं मोबाइलवरचं पैशाचं खातं. परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांपेक्षा चढा असतो.

आपल्याकडे प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला काही खाऊ घालणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-जेनुसार गुन्हा आहे. राणीच्या बागेत किंवा कात्रजला शेंगदाणा टाकला तरी दंड बसू शकतो, आणि ते योग्यच आहे. जिराफ सेंटरमध्ये मात्र भरवायची मुभा आहे, कारण खाणं तिथल्या संस्थेचंच असतं, बाहेरचं काही द्यायचं नाही. पेंड म्हणजे आपल्याकडे म्हशीला घालतात तशी गोळीपेंड. मोठं जिराफ दिवसाला तीसेक किलो पाला खातं, त्याच्यापुढे ही ओंजळभर पेंड म्हणजे बडीशेप.

खाऊ घालायचा लाकडी मचाण चांगला उंच आहे, त्यामुळे साडेचार मीटरची मादी आपल्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहते. खरी मजा इथे आहे. शिंगांकडे पाहा: मादीच्या शिंगांवर काळ्या केसांचे झुपके असतात, नराची टोकं एकमेकांना डोकी हाणून टकली झालेली. तोंड उघडलं की दिसतं, वर पुढचे दातच नाहीत! गाईसारखी नुसती कडक हिरडी. म्हणून चावण्याची भीती जवळपास नसते. सगळं काम जिभेचं. ती 45 ते 50 सेंटीमीटर लांब, टोकाकडे निळसर काळी, आणि हाताला कानशीसारखी खरखरीत लागते. दिवसभर उन्हात बाहेर राहणारी जीभ भाजू नये म्हणून हा काळा रंग, असं मानतात.

आता भरवायचं कसं. एका वेळी एकच गोळी. ती अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून हात पुढे करायचा, जीभ वेटोळं घालून ती अलगद उचलते. लहान मुलांनी मात्र तळहात सपाट ठेवावा, चिमूट धरली की जीभ लागताच ती दचकून हात मागे ओढतात. सगळी ओंजळ एकदम पुढे केली तर अर्धी पेंड खाली सांडते आणि खाली टपून बसलेल्या वॉर्टहॉगांची, म्हणजे सुळेवाल्या रानडुकरांची, चंगळ होते.

घोटाळा होतो तो फोटोपायी. गोळी दाखवायची, फोटो नीट येईपर्यंत हात मागे घ्यायचा, पुन्हा दाखवायची. दोनदा असं केलं की जिराफ डोक्याने ढुसणी देतं. त्याच्या लेखी ती ढुसणीच, पण आपापसातल्या मारामारीत ते मान आणि डोकं हातोड्यासारखं वापरतात हे विसरू नये. रेलिंगकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना तर हमखास बसते. तेव्हा हातातली पेंड संपली की दोन पावलं मागे सरकायचं. कुठलं जिराफ तापट आहे ते कर्मचाऱ्यांना आधी विचारून घ्यावं, ते हसत हसत नाव सांगतात. ओढणी, टोपी, गळ्यातला फोन आणि चष्मा यांची जबाबदारी आपली.

ओठांत गोळी धरून ‘पप्पी’ घ्यायचा प्रकार आम्हाला पटला नाही. जिराफाची लाळ जंतुनाशक असते असं गाइड सांगतात. असेलही, पण तीच जीभ आधी दहा अनोळखी हातांवरून फिरून आलेली असते. लाळ दोऱ्यासारखी लोंबते आणि बाहीवर वाळली की खळ घातल्यासारखी ताठ होते. साबणाने हात धुऊनच पुढच्या खाण्याला लागा.

हे जिराफ रॉथ्सचाइल्ड जातीचे. गुडघ्याखाली ठिपके नाहीत, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, ही खूण. 1970 च्या दशकात पश्चिम केनियात त्यांच्या रानाची शेतीसाठी वाटणी होऊ लागली, तेव्हा जेमतेम शे-सव्वाशे उरले होते. जॉक आणि बेटी लेस्ली-मेलव्हिल या दांपत्याने 1979 मध्ये त्यांना वाचवण्यासाठी संस्था काढली, 1983 मध्ये सेंटर लोकांना खुलं झालं. शेजारीच 1932 चा जिराफ मॅनर हा बंगला आहे, आता हॉटेल झालेला, तिथे जिराफ न्याहारीच्या टेबलाशी खिडकीतून मान घालतात. दर ऐकून आम्ही बाहेरूनच पाहिला.

दीड तास पुरतो. मग शेल्ड्रिकचं हत्तींचं अनाथालय जोडता येतं, पण ते लोकांसाठी फक्त 11 ते 12 उघडं असतं आणि आधी ऑनलाइन नोंदणी लागते. ट्रॅफिक धरून सव्वादहाला इथून निघावं. तिथे पिल्लांना बाटली पाजणारे त्यांचे रखवालदार, आपण दोरीबाहेर.

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी स्वेटर लागतोच, नैरोबी 1700 मीटरवर आहे. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरून घरी जाण्याऐवजी 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. आणि प्लास्टिकची कॅरीबॅग सामानातून काढून टाका, केनियात 2017 पासून तिच्यावर बंदी आहे. चिवड्यासाठी डबा न्या.