तिकीट तीनदा बंद झालं, मिडलवेअर उघडंच होतं

नेक्स्ट जेएस या वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कचं ते मिडलवेअर प्रकरण (सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२५-२९९२७) आठवलं की मला बगआधी आमच्या इन्फ्रा टीमकडे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे, टाकलेलं तिकीट (कामाची नोंद) आठवतं. अजूनही डोकं फिरतं.

२१ मार्च २०२५, शुक्रवार. बग जाहीर झाला, तीव्रता १० पैकी ९.१. भानगड साधीच होती. मिडलवेअर म्हणजे रिक्वेस्ट पानापर्यंत पोचण्याआधी चालणारा कोड. मिडलवेअर स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत बसू नये म्हणून फ्रेमवर्क आतल्या आत एक्स-मिडलवेअर-सबरिक्वेस्ट नावाचा हेडर, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ, वापरायचं. त्यात मिडलवेअरचं नाव ठरलेल्या वेळा दिसलं की 'हे चालून झालंय' असं समजून मिडलवेअर न चालवताच रिक्वेस्ट पुढे सोडायचं. हा हेडर आतून आलाय की बाहेरच्या कुणी चिकटवलाय, हे मात्र कुणी बघतच नव्हतं. वर्सेल किंवा नेटलिफाय या होस्टिंग सेवांवर अ‍ॅप असलेले वाचले. आमच्यासारखे स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्ट स्टार्ट या कमांडने अ‍ॅप चालवणारे अडकले, त्यात आमची लॉगिनची सगळी तपासणी त्या एकाच मिडलवेअर फाइलमध्ये. ती तशी मीच लिहिली होती, हेही सांगून टाकतो.

पहिली टेस्ट केली आणि हायसं वाटलं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, कर्ल या कमांडने हेडर पाठवला, उत्तर ३०७, लॉगिन पानाकडे रीडायरेक्ट. म्हटलं, सुटलो! चहा घेऊन आलो तेव्हा लक्षात आलं की आमची फाइल एसआरसी फोल्डरमध्ये आहे, म्हणजे हेडरमधलं नावही एसआरसी/मिडलवेअर असं हवं. तेच नाव कोलन देऊन पाच वेळा लिहून पाठवलं. आलं २००, म्हणजे रिक्वेस्ट मंजूर, आणि खाली अ‍ॅडमिनची अख्खी यादी. तुम्ही टेस्ट करत असाल तर स्वतःच्या फाइलची जागा आधी बघा, नाहीतर माझ्यासारखं खोटं समाधान मिळेल.

नेक्स्टच्या १५.२.३ आणि १४.२.२५ या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती आलेली होती. आम्ही १३ वर, आमच्यासाठीचं १३.५.९ मागाहून आलं. तोवर उपाय एकच, हा हेडर प्रॉक्सीवरच, म्हणजे अ‍ॅपच्या पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरवरच, काढून टाकायचा. प्रॉक्सी एनजिनएक्स, आणि एनजिनएक्स इन्फ्रा टीमचं. मला तिथे हात लावायची परवानगी नाही.

तिकीट टाकलं. फॉर्ममध्ये 'व्यवसायावर होणारा परिणाम' हा रकाना सक्तीचा. मी लिहिलं, 'लॉगिन न करता कुणीही आत येऊ शकतं.' तासाभरात तिकीट बंद: 'हेडर रिकामा केला, रीलोड केलं.' मी कर्ल मारला. २००.

तिकीट पुन्हा उघडलं. पुन्हा बंद, सोबत स्क्रीनशॉट: एनजिनएक्स -टी (कॉन्फिग तपासणारी कमांड), सिंटॅक्स ओके, टेस्ट सक्सेसफुल. मी परत कर्ल मारला. २००. फोन केला तर पलीकडून, "अहो, लावलंय ना. तुमच्याकडेच कॅश असेल." मी म्हटलं, "कर्लला कुठली कॅश?" तिसऱ्यांदा बंद. शनिवार असाच गेला.

रविवारी रात्री मी विनवण्या करून मोठ्या टीचं, म्हणजे पूर्ण कॉन्फिग एकत्र छापणाऱ्या कमांडचं आउटपुट मागवलं. त्यात सगळं स्वच्छ दिसलं. हेडर रिकामा करणारी प्रॉक्सी सेट हेडरची ओळ त्यांनी सर्व्हर ब्लॉकमध्ये, म्हणजे कॉन्फिगच्या वरच्या पातळीवर, टाकली होती. पण त्याच्या आतल्या, आमच्या लोकेशन ब्लॉकमध्ये, इन्क्लूड केलेल्या वेगळ्या फाइलमध्ये, होस्ट आणि क्लायंटच्या आयपीसाठी त्याच डिरेक्टिव्हच्या (कॉन्फिगमधल्या आदेशाच्या) दोन ओळी आधीपासून होत्या. आणि एनजिनएक्सचा नियम असा, की आतल्या पातळीवर या डिरेक्टिव्हची एक जरी ओळ असली तरी वरच्या पातळीवरच्या सगळ्या ओळी खाली उतरतच नाहीत. एरर नाही, वॉर्निंग नाही. लहान -टी बिचारा सिंटॅक्स बघतो, त्याचं काय चुकलं?

तीच ओळ लोकेशन ब्लॉकमध्ये हलवली. कर्ल. ३०७. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. तो आकडा बघून इतका आनंद मला कुठल्याच रिलीजला झालेला नाही.

हेडर आला की थेट ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचं उत्तर, द्यायचा मोह होतो, तसं करू नका. साइट्सच्या पुढे संरक्षणाला बसणाऱ्या क्लाउडफ्लेअरने असा ब्लॉक करणारा नियम सगळ्यांना लावला होता, तर काही साइट्सचं खरं लॉगिनच बिघडायला लागलं आणि तो ऐच्छिक करावा लागला. हेडर गुपचूप काढून टाकणं बरं.

१३.५.९ वर जाणं अर्ध्या तासाचं काम निघालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यानंतर मी प्रत्येक एपीआय रूटमध्ये (डेटा देणाऱ्या पत्त्यावर), डेटा काढायच्या आधी, सेशन, म्हणजे लॉगिन झालंय का ते, तपासायला सुरुवात केली. ते मात्र दोन आठवडे चाललं.

एक राहिलंच. एनजिनएक्सच्या नेहमीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये असले हेडर नोंदलेच जात नाहीत. त्यामुळे आमच्या आधी कुणी आत येऊन गेलं का, हे आम्हाला शोधता आलं नाही. आता लॉग फॉरमॅटमध्ये त्या हेडरचं व्हेरिएबल टाकलंय, अधूनमधून कुणीतरी ठोठावताना दिसतं.

महिन्याच्या अहवालात ते तिकीट शुक्रवारीच, ५५ मिनिटांत सुटलेलं दाखवलंय. दुरुस्त करा म्हणून मी दोनदा मेल केली. त्यासाठी वेगळं तिकीट टाका म्हणाले.