हा जियांगचा ‘सोपा’ रस्ता: उत्तर व्हिएतनामच्या छोट्या सहलीला निघणाऱ्यांसाठी

हनोईच्या जुन्या वस्तीत सहली विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दुकानाबाहेर उत्तरेकडच्या ‘हा जियांग’ या डोंगराळ भागाचा तोच एक फोटो टांगलेला असतो: खाली हिरवी नदी, वर चुनखडीचे सरळ कडे आणि कड्याच्या कुशीतून गेलेला गुळगुळीत रस्ता. तो फोटो दाखवून ‘रस्ता आता पूर्ण झाला आहे, गाडी आमचा माणूस चालवेल, तुम्ही फक्त मागे बसायचे, काहीही त्रास नाही’ असे सांगितले जाते. यातले पहिले विधान अर्धे खरे, दुसरे पूर्ण खरे आणि शेवटचे साफ खोटे आहे. आम्ही दोघी बहिणी सप्टेंबरच्या अखेरीस तिथे जाऊन आलो आणि हा वृत्तांत मुख्यतः त्या शेवटच्या विधानाविषयी आहे. सह्याद्रीत नेमाने चालणाऱ्या, रेनकोट आणि बूट कोणते घ्यावेत हे ज्यांना सांगावे लागत नाही अशा वाचकांसाठीच तो लिहिला आहे.

आधी निघण्यापूर्वीच्या दोन-तीन गोष्टी. भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून थेट मिळतो. एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे आणि तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. अगदी सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असल्याखेरीज पुढे जाऊ नये. आपल्याकडे पासपोर्टावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते. अर्जात ते गाळले तर विमानतळावर निष्कारण वाद होतो, म्हणून नाव पासपोर्टावर आहे तसेच्या तसे भरावे. पैशांचा हिशेब डोक्यात ठेवण्यासाठी तीस हजार डोंग म्हणजे साधारण शंभर रुपये एवढे लक्षात ठेवले की पुरते. मात्र वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट या दोन्ही निळ्या आहेत, दोन्हींवर हो ची मिन्ह आहेत, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात टॅक्सीवाल्याला एकीऐवजी दुसरी दिली जाणे फार सोपे असते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

नोई बाई विमानतळाच्या दारात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्यांकडे न बघता ८६ क्रमांकाची बस घ्यावी. ती ४५ हजार डोंगांत थेट जुन्या वस्तीजवळ आणून सोडते. रात्री उशिरा पोहोचल्यास ॲपवरून गाडी बोलवावी, म्हणजे भाडे आधीच कळते.

हनोईत आम्ही जे पाहिले ते सगळेच पाहतात आणि ते सुखाचे होते. साहित्यमंदिर १०७० साली बांधलेले असून तेथील कासवांच्या पाठीवरच्या शिळांवर परीक्षांमध्ये उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेली आहेत. सकाळी आठच्या सुमारास गेल्यास ते शांतपणे पाहता येते. हो ची मिन्ह यांच्या समाधीचे दर्शन फक्त सकाळी असते आणि सोमवारी व शुक्रवारी बंद असते. या समाधीवर शिवाजी महाराजांचा उल्लेख कोरलेला आहे असा संदेश आपल्या व्हॉट्सॲप गटांत अधूनमधून फिरतो, म्हणून सांगते: दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढीच अक्षरे आहेत. खाण्यात बुन चा, म्हणजे कोळशावर भाजलेले डुकराचे मांस, आंबटगोड रस्सा आणि भाताच्या शेवया, हे ‘फो’पेक्षा, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध शेवयांच्या सुपापेक्षा, सरस वाटले. अंड्याची कॉफी मिठाईसारखी आहे, एकदा प्यावी. निन्ह बिन्हमधील त्रांग आनच्या नौकाविहाराविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही: तिकीट ठरलेले असते, वल्हवणाऱ्या बाया तरबेज आहेत, गुहांमध्ये डोके खाली घालावे लागते आणि दिवस छान जातो.

आता हा जियांग. हनोईपासून हे गाव सुमारे ३०० किलोमीटरवर आहे आणि बसला सहा ते सात तास लागतात. रात्रीची स्लीपर बस स्वस्त पडते, पण ती पहाटे तीन-चारला गावात सोडते, आणि तुमची झोप झाली आहे असे गृहीत धरून आठ वाजता पुढचा प्रवास सुरू होतो. माझे स्पष्ट मत आहे की दिवसा जावे, रात्री गावात मुक्काम करावा आणि सकाळी तिथला बान कुओन खाऊन निघावे. तांदळाच्या पातळ वाफवलेल्या पोळीचा हा पदार्थ हनोईत माशाच्या चटणीवजा पाण्यात बुडवून खातात, तर इथे तो हाडांच्या गरम सुपाबरोबर देतात, आणि पहाडातल्या थंड सकाळी हेच योग्य वाटते. संध्याकाळी मिळणारी आउ ताउची पेजही इथलीच: बचनागाचा विषारी कंद तांदळाच्या पाण्यात भिजवून, तासन्‌तास शिजवून निर्विष करतात आणि डुकराच्या पायांच्या रश्श्यात पेज करतात. चव कडू आहे. मुरलेल्या दुकानातच खावी. हौस म्हणून कुठेही खाण्याचा हा पदार्थ नव्हे.

येथून क्वान बा, येन मिन्ह, डोंग व्हान, मेओ व्हाक आणि परत हा जियांग असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा दुचाकीवरून करण्याची रीत आहे. स्वतः गाडी चालवावी का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते कौशल्याशी संबंधित नाही. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतूक करारानुसार दिलेला असतो, तर व्हिएतनाम १९६८च्या करारानुसार दिलेला परवाना मानतो. नाक्यावर पोलिसांनी थांबवले की दंड होतोच, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की अपघात झाल्यास प्रवास विमा हात वर करतो. गाडी भाड्याने देणारे दुकानदार हे सांगत नाहीत. ‘कोणताही परवाना चालतो’ एवढेच सांगतात आणि पासपोर्ट ठेवून घेतात. आमच्याबरोबर जेवायला बसणाऱ्या एका तरुणाकडून परतल्यावर सायलेन्सरवरील जुन्या ओरखड्यांचे पैसे मागण्यात आले आणि पासपोर्ट दुकानदाराच्या कपाटात असल्यामुळे त्याला ते द्यावे लागले. अनामत द्यायचीच असेल तर रोख द्यावी, पासपोर्ट कदापि देऊ नये, आणि गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढून ठेवावा.

आम्ही दोघी स्थानिक चालकांच्या मागे बसून गेलो. हनोईतील दुकानाने लेखी दिले होते की गटात दहाहून अधिक लोक नसतील, स्वतंत्र खोली असेल आणि न्यो क्वे नदीतील नावेचे तिकीट धरलेले असेल. प्रत्यक्षात तीन-चार दुकानांची गिऱ्हाइके एकत्र करून मोठा तांडा निघाला, स्वतंत्र खोली म्हणजे एकाच माळ्यावर गाद्यांमध्ये ओढलेला पडदा निघाला, आणि नदीकाठी पोहोचल्यावर नावेचे पैसे वेगळे मागण्यात आले. फोन केला असता उचलला गेला नाही. त्याच पंगतीत बसलेल्या एका जोडप्याने हा जियांग गावात उतरून, तेच चालक आणि त्याच गाद्या, आमच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी पैशांत ठरवल्या होत्या. तेव्हा हनोईत काहीही ठरवू नये. गावात पोहोचून दोन-तीन ठिकाणी विचारावे, गट किती जणांचा आहे ते विचारून आदल्या रात्री त्या लोकांना प्रत्यक्ष पाहावे, आणि परतीचा रस्ता कोणता हे नकाशावर बोट ठेवून विचारावे. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

कारण पहिला टप्पा खरोखरच उत्तम आहे. ४-सी क्रमांकाचा महामार्ग, ज्याला ‘आनंदाचा रस्ता’ म्हणतात, तो १९५९ ते १९६५ या काळात तरुण मजुरांनी हातोडी आणि पहारीने खोदला. मा पी लेंग खिंडीच्या कड्यावर तर दोरांना लटकून त्यांनी अकरा महिने काम केले. आज तो डांबरी आहे, वळणे नीट आखलेली आहेत, आणि खिंडीत उभे राहून खाली तू सानच्या घळीतली नदी पाहिल्यावर दुकानाबाहेरचा फोटो खोटा नव्हता हे मान्य करावे लागते. मी तिथे तासभर बसले आणि आणखी बसले असते. खिंड सकाळी धुक्यात असते, म्हणून डोंग व्हानहून घाईने निघू नये. नऊनंतर धुके उठू लागते.

खरी गोष्ट मेओ व्हाकनंतर सुरू होते. तिथून माउ द्वे गावापर्यंत रस्ता ठीक आहे. माउ द्वेला फाटा फुटतो: एक रस्ता येन मिन्हकडे जाऊन पुन्हा महामार्गाला मिळतो, दुसरा दक्षिणेला दू जियाकडे उतरतो. सगळ्या सहली दुसऱ्या रस्त्याने नेतात, कारण दू जियाला धबधबा आहे, मुक्कामाची घरे आहेत आणि त्यांची कमाई तिथे आहे. कोरड्या दिवसांत कदाचित तो सुंदर असेल. आदल्या रात्री पाऊस झालेला असताना तो रस्ता नसून डोंगरावरून ओघळलेला चिखल आहे. डांबर मधेच संपते, पुढे टोकदार खडी पसरलेली असते, तिच्यावर तांबड्या मातीचा थर असतो, आणि दरीच्या बाजूला कठडा म्हणून काहीही नसते. माझ्या चालकाने दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी पहिल्या गिअरवर ढकलत नेली. मागचे चाक दर काही मीटरला दरीकडे सरकत होते आणि तो प्रत्येक वेळी न बोलता हँडल डोंगराकडे दाबत होता. तीन ठिकाणी आम्हाला उतरून चालावे लागले. एका वळणावर दरड उपसणारे यंत्र आडवे उभे होते आणि त्याच्या फाळक्याखालून एकेक गाडी जाऊ देत होते. बहिणीच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या झग्याचे टोक मागच्या साखळीत गेले. चालकाला आवाज ऐकू आला म्हणून बरे. तो झगा सहलवाल्यांनीच दिला होता. पावसाळी जॅकेट आणि पँट असा दोन भागांचा रेनकोट स्वतःचा न्यावा आणि तो झगा हाती घेऊ नये.

आपल्याकडे भर पावसात वरंधा घाट दुचाकीवरून उतरलेल्यांना या वर्णनाचे आश्चर्य वाटणार नाही, पण तिथे कुठल्या वळणावर थांबावे हे आपल्याला ठाऊक असते आणि मदतीला माणूस आपल्या भाषेत बोलतो. इथे मी मागच्या सीटवर असहाय बसले होते, मनगटे कॅरिअरच्या दांडीवर आवळून सुजली होती, आणि सहा तासांनी दू जियाला उतरल्यावर धबधबा पाहण्याची इच्छा उरली नव्हती. मी तो पाहिला नाही. तरीही ठामपणे सांगते: जून ते सप्टेंबरात माउ द्वेहून येन मिन्हकडेच वळावे, दू जिया सोडावे, आणि सहलवाला ऐकत नसेल तर त्याच्याबरोबर जाऊ नये. २०२४च्या सप्टेंबरातील यागी वादळानंतर उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांत किती दरडी कोसळल्या हे जगाने पाहिले आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस कमी असतो, कुट्टूची (बकव्हीटची) गुलाबी फुले त्याच वेळी येतात, तेव्हा जमल्यास तेव्हाच जावे.

दुसरा धोका रस्त्यावर नसून जेवणाच्या पंगतीत आहे. रात्री मुक्कामाच्या घरी सर्वांना एकत्र बसवून मक्याची दारू छोट्या पेल्यांतून फिरवली जाते, मोठ्याने मोजत पेले रिकामे होतात आणि चालकही त्यात बसतात. व्हिएतनाममध्ये २०२० पासून वाहन चालवणाऱ्याच्या शरीरात मद्याचा अंशही चालत नाही, आणि सकाळी आठ वाजता आदल्या रात्रीची दारू उतरलेली असतेच असे नाही. आमच्या तांड्यातील एका चालकाचे डोळे पाहून मी म्होरक्याला बाजूला घेऊन चालक बदलून मागितला. तो कुरकुरला, पण त्याने बदलून दिला. असे मागण्यात संकोच करू नये.

शाकाहारी वाचकांसाठी: ‘आन चाय’ हे शब्द व्हिएतनामी लिपीत फोनवर साठवून दाखवावेत. तरीही पालक-मुळ्यासारख्या भाजीत माशाचा अर्क पडण्याची शक्यता राहते, कारण तो तिथे मिठासारखा वापरला जातो. हनोईत शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत. डोंगरात भात, तळलेले टोफू, लसूण घातलेली नाळीची भाजी आणि उकडलेली अंडी यांवर भागवावे लागते. बरोबर दाण्याची चटणी आणि थेपले असावेत. रविवारी मेओ व्हाकला किंवा डोंग व्हानला असाल तर तिथला बाजार सकाळी सहालाच गाठावा: हमोंग जमातीच्या बाया भरतकामाचे घागरे नेसून डुकराची पिल्ले दोरीला बांधून आणतात आणि मोठ्या कढयांत थांग को, म्हणजे घोड्याच्या मांसाचे कालवण, उकळत असते. मी ते खाल्ले नाही, वास पुरेसा होता.

परतीची हनोईची बस संध्याकाळी निघते आणि रस्त्यात दरड असेल तर कितीही उशीर होतो. म्हणून हा फेरा संपल्याच्या रात्री विमान ठेवू नये, मध्ये एक पूर्ण रात्र हनोईत ठेवावी, आणि बसमध्ये जागा निवडता येत असल्यास खालची, पुढच्या चाकांच्या आसपासची घ्यावी. मागच्या टोकाच्या सलग पाच जणांच्या गादीवर झोप येत नाही.